जकातनाक्याच्या राज्यातील पाच पदकांची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असो. जे लढाईवर गेले ते सुखी असोत, जे त्यांचे सामानसुमान राखीत मागे राहिले त्यांचे गुडघे शाबूत असोत, आणि जो हे वाचावयास घेईल त्यास त्याचा चष्मा वेळेवर सापडो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एका मुलखात एक लहानसे राज्य होते. त्या राज्यावर जो प्रसंग गुजरला, तो जैसा कानी आला तैसा लिहिला आहे. कमीजास्त असेल ते लिहिणाराचे, खरे असेल ते ज्याचे त्याचे.

राज्य म्हणजे काय, तर जुन्या जकातनाक्याच्या तीन खोल्या. पूर्वी तेथे मालमोटारी अडवून जकात घेत असत. पुढे जकात उठली, खोल्या ओस पडल्या, कबुतरांनी ठाणे दिले. मग सुभेदार दौलतराव निकम म्हणून पलटणीतून निवृत्त होऊन आलेले एक करारी गृहस्थ होते, त्यांनी नगरपालिकेत खेटे घालून त्या खोल्या मागून घेतल्या, आणि कबुतरांशी पहिले युद्ध केले, आणि त्यात फत्ते पावून दारावर 'युद्धस्मृती संग्रहालय' ऐसा फलक लाविला. या मुलखातून महायुद्धांत आणि मागाहूनच्या लढायांत घरटी माणूस गेलेला. तेव्हा सुभेदारांची स्वारी सायकलवर बसून गावोगाव फिरली, आणि माळ्यावर, ट्रंकेत, गोठ्यात जे पडले होते ते मागून आणती झाली. ऐसा खजिना जमला: भोक पडलेले लोखंडी शिरस्त्राण एक, त्या भोकात बोट घातल्यावाचून शाळेचे एकही पोर पुढे सरकत नसे, खेचराचे खोगीर एक, वजनास खेचराएवढेच, तोफगोळ्याचे पितळी टरफल एक, त्यात पावसाळ्यात छत्र्या ठेवीत, पत्र्याच्या ट्रंका, पाण्याच्या बाटल्या, रणांगणावरचा टेलिफोन, तो कोणास लागत नसे. बंदूक एकच, तीही लाकडी, कवायतीची. आणि पहिल्या महायुद्धातील चांदीची पदके पाच, ती या राज्यीचे भूषण. राज्याच्या पूर्वेस रिक्षाथांबा, पश्चिमेस पिठाची गिरणी, आणि गिरणीचे पीठ वर्षाचे बारा महिने सरहद्द ओलांडून आत येत असे, त्यास आजवर कोणी अडवू शकले नाही.

पुढे सुभेदार कैलासवासी जाहले आणि राज्य तिघांकडे आले. तिघांसही पगार नाही, हुद्दा नाही, कोणी या म्हणून सांगितले नाही. ज्यास जमते त्याने यावे ऐसा राज्याचा कायदा, आणि जमणारी माणसे एवढीच उरली होती. पहिले हवालदार सर्जेराव काळंगे, तोफखान्यात होते, एका कानाने ऐकू येत नव्हते, आणि म्हणून दोन माणसांपुरते बोलत. दुसऱ्या शालिनीताई हिरवे, मिलिटरी इस्पितळातील निवृत्त परिचारिका, त्या चहा करीत आणि आलेल्या माणसास दारातच विचारीत की पाहायला आलात की उन्हाचे थांबायला आलात. तिसरे नीलकंठराव ओगले, नगर वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल. हे कधी कोणत्या पलटणीत नव्हते. जन्म पुस्तकांच्या कपाटांमध्ये गेला, मोठ्याने बोलायची सवय राहिली नाही, आणि सभेत बोलायची पाळी आली की पाणी पिण्यास उठून जात. राज्यातील सर्व चिठ्ठ्या यांच्या अक्षरातल्या, आणि दाराची किल्लीही यांच्याच खिशात, कारण ती इतर दोघांच्याने हरवत असे. वय पंचाहत्तरीच्या पुढे गेले होते. रविवारी सकाळी अंथरुणातून उठताना दर वेळी मनात येई की आज जाऊ नये, आणि किल्ली आपल्याजवळ आहे हे आठवून मग उठत. कित्येक वर्षे ऐसेच चालले होते. राज्यावर आपले प्रेम आहे की ही नुसती सवय आहे, याचा निवाडा त्यांच्याने कधी जाहला नाही.

आता या राज्याचा एक रिवाज होता, तो सांगितल्यावाचून पुढचे समजणार नाही. दर रविवारी उजाळा. सुभेदार पलटणीतले, पट्ट्याचे बक्कल ऐसे चमकावे की त्यात पाहून दाढी करता यावी, ही त्यांची शिस्त. तेव्हा रविवारी सकाळी तिघांनी टेबलाभोवती बसावे आणि पितळ, तांबे, चांदी जे असेल ते आधी चिंचेच्या कोळाने, मग चाळलेल्या रांगोळीने, मग जुन्या धोतराच्या फडक्याने घासावे, ऐसे वीस-बावीस वर्षे एकही रविवार न चुकता चालले. पदके नीलकंठरावांच्या वाट्याची. हात हलका म्हणून सुभेदारांनी त्यांस नेमून दिली होती. त्या पदकांच्या कडेवर, जी कड नखाएवढीही रुंद नाही, त्या त्या शिपायाचे नाव बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेले होते. सुभेदारांच्या हयातीत नीलकंठराव घासता घासता ती नावे वाचीत. पुढे नजर मंदावली, तेव्हा वाचणे राहिले आणि घासणे राहिले नाही. नावे मखमली पाटावरच्या जागेवरून पाठ जाहली होती: डावीकडून पहिला अमुक, दुसरा तमुक. वाचायची गरजच उरली नव्हती. मध्ये एकदा त्यांनी कोठल्याशा पुस्तकात वाचले की जुनी चांदी घासू नये, काळी पडली तरी तैसीच ठेवावी. ते त्यांनी भीत भीत दरबारात सांगितले. सर्जेराव म्हणाले, "पुस्तकवाल्यांना काय, पुस्तक कोणी घासतं का?" शालिनीताई हसल्या, नीलकंठरावही हसले, आणि फडके उचलून पुन्हा घासू लागले. तो विषय तेथेच मिटला.

ऐसे असता गेल्या सालाच्या आदल्या साली तालुक्याच्या ठिकाणी मोठे प्रदर्शन भरले, तेथे पदके न्यावी लागली. मखमली पाट रिक्षात मावेना, म्हणून पाचही पदके काढून मसाल्याच्या स्टीलच्या डब्यात घातली. परत आल्यावर पुन्हा पाटावर टाचली, ती हाती आली तशी. कोणते कोठे होते हे कोणी लिहून ठेविले नव्हते. कशास ठेवावे? नाव तर कडेवरच आहे, ऐसे सर्वांच्या मनात.

मग मार्गशीर्षातल्या एका रविवारी इंदूबाई साबळे म्हणून ऐंशीच्या घरातील एक बाई, काठी टेकीत, मुलाला रिक्षात थांबवून, एकट्याच आत आल्या. शालिनीताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या की पाहायलाही नाही आणि उन्हाचेही नाही, आमच्या आज्याचं पदक इथं आहे, ते घेऊन जरा माहेरी जायचं आहे. मग खुर्ची दिली, पाणी दिले, आणि बाईंनी सर्व वर्तमान सांगितले ते ऐसे. त्यांच्या माहेरगावच्या चावडीवर इंग्रजांनी लावलेली एक शिळा आहे. तीवर इतकेच कोरले आहे की या गावातून बेचाळीस माणसे महायुद्धावर गेली, पैकी तीन तिकडेच राहिली. आकडा आहे, नावे नाहीत. आता गावाने समिती केली आणि प्रजासत्ताकदिनी त्या तिघांच्या नावांची नवी शिळा बसवायची ठरली. दोन नावे निश्चित जाहली. तिसरे नाव इंदूबाई म्हणतात आमच्या आज्याचे, धोंडी बाबाजी शिंगटे. तो इराकात बसऱ्याकडे गेला तो आलाच नाही, त्याची बायको मरेपर्यंत कुंकू लावीत होती. आणि समितीचे अध्यक्ष बापूसाहेब पिसाळ, ते म्हणतात तिसरा आमचा चुलत पणजा. दोहोंकडे कागद नाही. बापूसाहेबांचे गावात वजन मोठे आणि शिंगट्यांच्या घरात आता माहेरवाशिणीवाचून कोणी उरले नाही. तरी बापूसाहेबांनी न्यायाने सांगितले की पुरावा दाखवाल तर तुमचे नाव घालू, पण चार दिवसांत दाखवा, पाथरवट थांबत नाही.

"बाकी काय न्हाई आमच्याकडं," इंदूबाई म्हणाल्या. "त्या चांदीवर त्याचं नाव हाय, एवढंच हाय. लहानपणी मी त्यावरनं बोट फिरवायची. नखाला लागायचं."

ते ऐकून तिघेही आनंदी जाहले. इतक्या वर्षांत या राज्याकडे कोणी काही मागण्यास आले नव्हते. पाट आणिला, पदके काढिली, नीलकंठरावांनी वाचनालयातून निवृत्तीच्या वेळी मिळालेले मोठे भिंग आणिले आणि पहिल्या पदकाची कड भिंगाखाली धरली. कड गुळगुळीत होती. त्यांना वाटले डोळ्यांत पाणी आले असेल, म्हणून डोळे पुसले आणि पुन्हा पाहिले. मग दुसरे पाहिले. मग तिसरे, चौथे आणि पाचवे पाहिले, आणि मग पुन्हा पहिल्यापासून पाहिले. कोठे एखादी उभी रेघ, कोठे अक्षराचे पोट असावे ऐसा भास, बाकी काही नाही. पाचही पदके आरशासारखी लखलखत होती. भिंग सर्जेरावांनी घेतले, मग शालिनीताईंनी घेतले. इंदूबाईंनी विचारले की सापडलं का. नीलकंठराव म्हणाले, जरा दिवस द्या, नीट पाहून सांगतो. जन्मात थोडीच असत्ये बोलले असतील, त्यातले हे एक, आणि तेही धड असत्य नव्हे.

बाई गेल्यावर मसलत बसली. आधी दोष कोणाचा यावरून भांडण जाहले, ते लौकरच थकले, कारण हात एकाचा असला तरी रिवाज तिघांचा होता आणि तिघांसही ठाऊक होते. मग सर्जेरावांनी मसलत दिली ती ऐसी, की बाजारात भांड्यांच्या दुकानी नावे घालणारा बसतो, त्याजकडून एका पदकावर नाव घालून आणावे. खोटे काय आहे त्यात? नाव होतेच. या पाचांपैकी एकावर होतेच. आपण पुसले, आपण पुन्हा घातले, फिट्टंफाट. शालिनीताई म्हणाल्या की पेशंट दगावल्यावर केसपेपर लिहिण्यातला हा प्रकार आहे, पण दुसरे काही सुचत नाही हेही खरे. खरे सांगावे तर काय होईल, हे सर्जेरावांनी उघड करून सांगितले. "ओगलेसाहेब, उद्या ही गोष्ट बाहेर फुटली ना, तर ज्यांनी ज्यांनी काय काय दिलंय ते सगळे दारात उभे राहतील. आमचं परत द्या म्हणतील. सुभेदारांनी सायकलवर आणलेलं राज्य एका रविवारात उठेल. तुम्हाला चालेल?"

लिहिणारास जे कळले ते हे, की त्या प्रश्नाने नीलकंठरावांच्या छातीत आधी कळ उठली आणि तिच्या पाठोपाठ, फार खालून, एक सुख वर आले. राज्य उठले तर रविवारी उठायला नको. किल्ली द्यायला नको आणि घ्यायला नको. ते सुख पाहून ते स्वतःलाच लाजले, आणि त्या लाजेपोटी सर्जेरावांची मसलत मान्य करून मोकळे जाहले.

दुसरे दिवशी पाचांतले एक पदक रुमालात बांधून नीलकंठरावांची स्वारी बाजारात गेली. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बाबू तांबट म्हणून कारागीर विजेची टोचणी घेऊन बसला होता आणि लग्नाच्या कळशांवर नावे घालीत होता. दहा-बारा कळशा होईपर्यंत नीलकंठराव बाजूला उभे राहिले, कारण रांग मोडणे त्यांस जमत नसे. मग रुमाल सोडला आणि चिठ्ठी पुढे केली.

बाबूने पदक उलटसुलट करून पाहिले. "बारीक आहे. पण घालू. धोंडी बाबाजी शिंगटे. इंग्रजीत. आणि कडून कोण?"

"कडून कोणी नाही," नीलकंठराव म्हणाले.

"असं कसं, काका? कोणीतरी दिलं असणारच की. नुसतं नाव घातलं तर वस्तू चोरीची वाटते. आम्ही वीस वर्षं हेच करतो. ज्याला दिलं त्याचं नाव, आणि खाली कडून."

टोचणी सुरू होती, तिचा आवाज दाढेत भरत होता. मागे कोणी तरी कळशी घेऊन घाई करीत होते. कडून कोण, याचे उत्तर त्यांस खरेच सुचेना. मग हात पुढे करून त्यांनी पदक उचलले, रुमालात बांधले, आणि बाबूस म्हणाले की राहू द्या, नंतर येतो. बाबू म्हणाला, मजकूर ठरवून या, काका, लोकं असंच करतात, आणि त्याने पुढची कळशी घेतली.

तेथून स्वारी परत राज्यात न जाता नीट इंदूबाईंच्या घरी गेली. बस स्थानकामागील वसाहतीत मुलाकडे त्या राहत. नीलकंठरावांनी दारातच, चप्पल न काढता, सर्व सांगून टाकिले: पदके पाच, नावे पाच, ती आम्ही घासून घालविली, कोणते पदक कोणाचे हे आता देवासही सांगता यावयाचे नाही. घासू नये हे मी वाचले होते. पुन्हा सांगायला हवे होते, सांगितले नाही. सुनेने पाणी आणिले, ते कोणी घेतले नाही.

"एवढी चांदी घासायला कुणी सांगितलं हुतं हो तुम्हांला, दादा?" बाई म्हणाल्या.

"कोणी नाही," नीलकंठराव म्हणाले.

"आमच्या घरात पडलं असतं तर काळं पडलं असतं," इंदूबाई म्हणाल्या. "पर नाव ऱ्हायलं असतं." मग म्हणाल्या, "पाचांतलं एक माझ्या आज्याचं, एवढं तरी खरं न्हवं?"

"ते खरं. त्याचं नाव मी शेकडो वेळा वाचलंय. शिपाई, मग आकडा, मग डी. शिंगटे. आकड्यातला सात थोडा तिरपा ठोकलेला होता."

"मग तेवढंच सांगाया चला," बाई म्हणाल्या आणि सुनेस चप्पल पुढे करावयास सांगितले.

त्याच सांजवेळी माहेरगावच्या ग्रामपंचायतीत समिती बसली. शिळा कोपऱ्यात गोणपाटावर ठेविली होती. दोन नावे कोरून जाहली होती, तिसरी जागा मोकळी होती. पाथरवट भिंतीला टेकून तंबाखू मळीत होता, त्यास सकाळी दुसऱ्या गावी जायचे होते. बापूसाहेब पिसाळ गादीवर बसले होते. धिप्पाड माणूस, बोलणे सावकाश. त्यांनी इंदूबाईंस मानाने बसविले आणि नीलकंठरावांस विचारले की आणलंत का पदक. नीलकंठरावांनी पाचही पदके टेबलावर मांडली, कारण निघताना उरलेली चारही ते वाटेवर राज्यात उतरून घेऊन आले होते. मग ते उभे राहिले. पाणी पिण्यास जावे ऐसे वाटले, पण माठ बापूसाहेबांच्या पाठीमागे होता. मग बोलले. आवाज इतका बारीक की मागचे लोक पुढे सरकले. इंदूबाईंच्या घरी जे सांगितले तेच त्यांनी इथे सांगितले, वगळले काही नाही.

ते संपल्यावर कोणी तरी हसले. बापूसाहेब म्हणाले, "म्हणजे ओगलेसर, पुरावा तुम्हीच घासून टाकला, आणि साक्ष द्यायलाही तुम्हीच आलात?"

"होय," नीलकंठराव म्हणाले.

"इंदूबाई काहीही म्हणतील आणि तुम्ही हो म्हणाल. यावर आम्ही विश्वास का ठेवावा?"

नीलकंठरावांस स्वतःलाही वाटले की का ठेवावा. मग म्हणाले, "ठेवू नका असंही म्हणता येईल. पण मला खोटंच करायचं असतं तर आज सकाळी भांडीवाल्याकडून यातल्या एकावर नाव घालून आणलं असतं. गेलो होतो. रांगेत उभा राहिलो. तो टोचणी घेऊन बसला होता. तुम्हाला भिंगातूनही कळलं नसतं. परत आलो. एवढंच आहे माझ्याकडे, याहून दुसरं काही नाही." आणि खाली बसले. बसताना खुर्ची थोडी मागे होती, ती कोणी तरी पुढे सरकवली म्हणून पडले नाहीत.

बापूसाहेबांनी एक पदक उचलले, उजेडात धरले, त्यात आपलेच तोंड दिसले ते पाहिले, आणि खाली ठेविले. पाथरवटाने तंबाखू तोंडात टाकली. मग बापूसाहेब, जे स्वतःच्या पणज्याचे नाव त्या जागी घालणार होते, ते म्हणाले, "आमच्या पणज्याबद्दल घरात नुसतं ऐकलंय. कोणी त्याच्यासाठी चारचौघांत अशी शोभा करून घेतलेली नाही. मी सुद्धा." आणि पाथरवटाकडे वळून म्हणाले, "शिंगटे घाला. धोंडी बाबाजी. व्यवस्थित खोल घाला, पुन्हा कोणी घासलं तरी जाता कामा नये." त्यावर सर्व हसले. नीलकंठरावही हसले. इंदूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या उठून शिळेजवळ गेल्या आणि पहिले अक्षर पूर्ण होईपर्यंत तेथेच उभ्या राहिल्या.

हे जाहले, परंतु अशी वार्ता झाकून राहत नाही. तालुक्याच्या साप्ताहिकात छापून आले की संग्रहालयाने हुतात्म्यांची नावे घासून पुसली, आणि मथळ्यात उद्गारचिन्हे दोन. त्याच्या पुढच्या रविवारी राज्यावर स्वारी आली. सर्जेरावांनी लाकडी बंदूक हाती घेतली होती, ती शालिनीताईंनी काढून घेतली. जे वीस वर्षे आले नव्हते ते त्या दिवशी आले. मोटारसायकलींवर आले, जीपमधून आले, पुण्याहून गाडी करून आले. रिक्षाथांब्यावाल्यांस वाटले की कोणी मंत्री येणार. शिरस्त्राणाचे वारस आले, ट्रंकांचे आले, टेलिफोनाचे आले, खोगिराचे आले, आणि उरलेल्या चार पदकांच्या घरचे आले. सर्व बोलू लागले. आमच्या वाडवडिलांचे सामान विश्वासाने दिले होते, हे म्हाताऱ्यांचे काम नव्हे, द्या आमचे आम्हांस. नीलकंठराव दाराशी उभे राहून ज्यास जे पाहिजे ते दाखवीत होते आणि न्या म्हणत होते. मनातून त्यांस हलके वाटत होते. त्यांनी मनातल्या मनात फळ्या रिकाम्या करावयास घेतल्या होत्या, आणि येत्या रविवारी किती वाजेपर्यंत झोपावे हेही ठरविले होते.

पदकांवरून प्रथम कलह जाहला. पाच पदके टेबलावर आणि चार घरांची माणसे भोवती. हे आमचे, कशावरून, हे जड लागते, सगळी सारखीच जड आहेत. कोणी म्हणाला चिठ्ठ्या टाका. तेव्हा इंदूबाई, ज्या एका बाजूस बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मी न्हाई नेत. पाचातलं एक नेलं आणि ते दुसऱ्याच्या बाचं निघालं, तर मग? ऱ्हाऊ द्या पाच एकाजागी. तिकडं बी एकत्रच हुती." त्यावर चिठ्ठ्यांचे मागे पडले.

पुढे जे जाहले ते सर्जेरावांस अजून पटत नाही. शिरस्त्राणवाल्यांनी शिरस्त्राण हाती घेतले, भोकात बोट घातले, आणि त्यांच्या सूनबाई हळूच म्हणाल्या की घरात ठेवायचं कुठं, शोकेसमध्ये तर सगळी क्रॉकरी आहे. ट्रंकवाले म्हणाले की आता आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट बंद असते. टेलिफोनवाल्यांनी तो कानास लावून मुलांचे फोटो काढिले, आणि लहान मुलाने तो नेऊ या म्हणून हट्ट केला, तेव्हा आईने त्यास खेळण्यातला नवा घेऊन देते म्हणून समजाविले. एकेकजण रागाने वस्तू उचलीत, उचलल्यावर तिचे वजन कळे, मग तिजकडे पाहत, मग खाली ठेवीत आणि म्हणत की सध्या राहू द्या, जागा झाली की नेतो. जाताना कित्येकांनी वस्तूवरील धूळ आपल्या रुमालाने पुसली, आणि शालिनीताईंनी त्यांस ओरडून सांगितले की घासू नका. दुपार होता होता सर्व मुलूख पूर्ववत भरलेला राहिला. एक खोगीर मात्र गेले. त्याचे वारस दोघे भाऊ, हट्टास पेटलेले. त्यांनी ते उचलून घामाघूम होत बाहेर नेले आणि नीलकंठराव त्यांच्यामागे पायरीपर्यंत गेले. निदान एवढे तरी गेले, ऐसे त्यांच्या मनात आले.

पण रिक्षावाल्याने ते रिक्षात बसेना म्हणून सांगितले. आडवे घातले, उभे घातले, टपावर बांधून पाहिले, तेव्हा टपाचे कापड चर्रकन वाजले. भाऊ भाऊ एकमेकांवर चिडले. मग धाकटा खांद्यावर खोगीर घेऊन परत आला आणि ते त्याच जागी, जेथे धुळीत त्याचा आकार उमटलेला होता, तेथे ठेवून उभा राहिला.

"ओगलेकाका," तो म्हणाला, "राहू दे इथंच. पण तुम्ही आहात ना अजून? बंद नाही ना करणार?"

नीलकंठरावांनी त्याच्याकडे पाहिले. त्याच्या सदऱ्यावर जुन्या चामड्याचा डाग पडला होता. आयुष्यात ज्या थोड्या वेळी नाही म्हणावे ऐसे त्यांस मनापासून वाटले, त्यांतली ही एक वेळ होती. पण नाही म्हणावयास जो जोर लागतो तो त्यांनी ग्रामपंचायतीत खर्चून टाकिला होता.

"नाही," ते म्हणाले. "आहोत आम्ही."

मग दारे लाविली, कुलूप घातले. किल्ली त्यांनी सर्जेरावांपुढे धरली. सर्जेराव म्हणाले, माझ्याकडून हरवेल, तुम्हांला माहीत आहे. शालिनीताईंनी हात पदराखाली घेतले.

तात्पर्य, ऐसे हे राज्य. शत्रूने घेतले नाही, वारसांनी नेले नाही, रखवालदारांच्याने टाकवले नाही. आता पदके काळी पडू लागली आहेत, त्यांच्यापुढे नीलकंठरावांच्या अक्षरात पाटी आहे: 'ही पाच पदके या पाच शिपायांची. कोणते कोणाचे, हे आमच्या हातून पुसले गेले.' त्याखाली पाच नावे आहेत. वाचणारे फारसे येत नाहीत. रविवारी सकाळी दार उघडते. जे सांगण्याजोगे होते ते इतकेच; पुढे लिहावे ऐसे काही घडले नाही, आणि घडू नये ऐसे लिहिणारास वाटते. इति.